डंगरी, डांगरी की डंग्री? आणि या शब्दाचा मुंबईच्या डोंगरीशी खरोखर संबंध आहे का?

खिळेजुळणी
कोल्हापूरच्या राजारामपुरीतील लहान मुलांच्या कपड्यांच्या एका दुकानासाठी फलक आणि दरपत्रक तयार करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. दुकानमालकांनी दिलेल्या कच्च्या मजकुरात, छातीवर कापडाचा चौकोनी तुकडा आणि खांद्यावरून पट्टे असलेल्या विजारीचे नाव एका ठिकाणी ‘डंग्री’, दुसऱ्या ठिकाणी ‘डांगरी’ आणि दरपत्रकात ‘डंगरीज’ असे आले आहे. गिऱ्हाईक तिन्ही नावांनी मागते, म्हणून तिन्ही राहू द्यावीत असे मालकांचे म्हणणे आहे. एका फलकावर एका वस्तूचे लेखन एकच असावे, असे माझे मत आहे.

शब्द इंग्रजी आहे असे मी धरून चाललो होतो, परंतु दुकानातील एका गृहस्थांनी तो मुळात आपलाच असून मुंबईतील डोंगरी या भागावरून पडला आहे, असे ठामपणे सांगितले. हे खरे असेल तर लेखनाचा निर्णय करताना मूळ शब्दाकडे पाहावे लागेल, आणि ही केवळ ऐकीव गोष्ट असेल तर इंग्रजी उच्चारावर जावे लागेल. जाणकारांनी मत द्यावे. शक्यतो आधारासह द्यावे, कारण मालकांना पटवायचे आहे.

तांबडापांढरा
तिन्ही नावे ठेवा आणि तिन्हींचे दर वेगवेगळे लावा. सर्वांत महाग ‘डंगरीज’ खपेल, कारण तिच्या शेवटी ‘ज’ आहे.

कोशकिडा
दुकानातील गृहस्थांचे म्हणणे ऐकीव नाही, त्याला चांगला जुना आधार आहे. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशात ‘डोंगरी कापड’ अशी नोंद आहे. त्या नोंदीचा आशय असा : मुंबईतील डोंगरी किल्ल्याला लागून असलेल्या वस्तीत जे साधे देशी कापड विकले जाई, त्याला मुळात हे नाव होते आणि पुढे ते कोणत्याही हलक्या, स्वस्त सुती कापडाला लावले जाऊ लागले, त्याचाच अपभ्रंश होऊन इंग्रजी शब्द तयार झाला. या कोशाची पहिली आवृत्ती 1831 मधील आणि दुसरी, वाढवलेली आवृत्ती 1857 मधील आहे. कोशकाराने मराठी माणसांच्या तोंडून ऐकलेला शब्द नोंदवला आहे, हे या आधाराचे खरे मोल.

‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात 1886 साली या शब्दाची नोंद आली, तेव्हा मूळ संपादकांनी हा शब्द आपल्या माहितीतील कोणत्याही कोशात सापडत नाही, असे म्हटले होते. विल्यम क्रूक यांनी 1903 मध्ये दुसरी आवृत्ती सिद्ध करताना मोल्सवर्थ यांची ही नोंद त्यात जोडली. म्हणजे इंग्रज विद्वानांना जो शब्द कोशात सापडत नव्हता, तो मराठीच्या कोशात निदान 29 वर्षे आधी छापलेला होता. पहिल्या संपादकांनी मराठी कोश उघडून का पाहिला नसावा, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

अर्थाच्या बाजूने एक खुलासा करतो. मुळात हे कापडाचे नाव आहे, कपड्याचे नाही. इंग्रजीतही आधी एकवचनी शब्द जाड्याभरड्या कापडासाठी चालत असे. त्या कापडाच्या विजारी कामगार आणि खलाशी वापरू लागल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अनेकवचनी रूप कपड्याचे नाव म्हणून रूढ झाले. ट्राउझर्स किंवा पजामाज यांना जसा शेवटी ‘स’ लागतो, तसाच तो येथेही लागला.

उद्यमनगरकर
आमच्या कारखान्यात कोणी ‘डंगरी’ म्हणत नाही. जुने कामगार ‘डांगरी’ म्हणतात आणि नवे ‘बॉयलर सूट’. यंत्रावर काम करणाऱ्याच्या दृष्टीने या कपड्याचे काम एवढेच की सदऱ्याचे टोक बाहेर लोंबता कामा नये. लेथचा चक, म्हणजे घडवायचा तुकडा पकडून फिरवणारा भाग, फिरत असताना जॉबवर, म्हणजे त्या तुकड्यावर, वाकले की सदऱ्याचे सैल टोक सर्वांत आधी पुढे जाते, आणि एकदा ते गुंडाळले गेले की माणूस मागोमाग ओढला जातो. डांगरीत वरचा भाग आणि विजार एकसंध असते, त्यामुळे कंबरेपाशी काही सुटत नाही. लहान मुलांच्या दुकानात या नावाने जे विकले जाते, त्याला बाह्या नसतात. आमच्या अर्थाने ती डांगरी नव्हेच.

सैनिकटाकळीचा
उद्यमनगरकरांनी सांगितलेले ‘डांगरी’ हे रूप लष्करातून आलेले असावे. रणगाडा दलात काळी डांगरी असते आणि दुरुस्तीच्या कामावरील जवानही कामाच्या वेळी डांगरीच घालतात. छावणीच्या हिंदीत हा शब्द सर्रास आहे आणि तेथे त्याचा अर्थ गळ्यापासून घोट्यापर्यंतचा, बाह्या असलेला, पुढून बंद होणारा एकसंध पोशाख असाच आहे. आमच्या गावात घरटी कोणी ना कोणी फौजेत आहे, त्यामुळे ‘डांगरी वाळत घातली आहे’ हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकतो. लहान मुलांच्या पट्टेवाल्या विजारीला हेच नाव दिलेले पाहिले, तेव्हा मलाही विचित्र वाटले होते.

पुरावाप्रिय
कोशकिडा यांनी दिलेला आधार मोलाचा आहे, परंतु तेवढ्यावर निकाल लावता येईल असे मला वाटत नाही.

इंग्रजीत हा शब्द पहिल्यांदा सापडतो तो सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘क्लोव्ह’ या जहाजाचा कप्तान जॉन सॅरिस 1613 साली मसाल्याच्या बेटांवर लवंगा मिळवण्यासाठी कापड देत होता, आणि कोणत्या कापडाला किती लवंगा मिळाल्या याची यादी त्याने लिहून ठेवली आहे. त्या यादीत ‘डोंगेरिज्न’ अशा काहीशा लेखनाचे एक कापड आहे, आणि त्यातील उत्तम प्रतीला बारा कॅटी लवंगा मिळाल्याची नोंद आहे. कॅटी हे तिकडचे वजन. याच यादीत भडोचच्या एका कापडाला सहा कॅटीच मिळालेल्या दिसतात. दोन शंका येथेच उभ्या राहतात.

पहिली शंका काळाची आहे. 1613 साली मुंबई इंग्रजांकडे नव्हती, पोर्तुगीजांकडे होती. ती इंग्रजांच्या राजाला 1661 च्या विवाहकरारात मिळाली आणि कंपनीकडे 1668 मध्ये आली. सॅरिस ज्या कापडाची गोष्ट करतो ते खंबायत आणि कोरोमंडल येथील असल्याचे तोच सांगतो. तेव्हाच्या मुंबईतील एका टेकडीखालच्या बाजाराचे नाव लवंगांच्या बेटांपर्यंत पोहोचले असेल, तर त्या बाजाराची उलाढाल तेव्हाच मोठी असली पाहिजे. तसा पुरावा कोणाकडे आहे का? दुसरी शंका दर्जाची. ज्या कापडाला मोल्सवर्थ हलके आणि स्वस्त म्हणतात, त्याच्या उत्तम प्रतीला भडोचच्या कापडाच्या दुप्पट लवंगा कशा मिळतात?

इंग्रजी कोश आज साधारणपणे हिंदीतील ‘डुंगरी’, म्हणजे एक जाडेभरडे कापड, असे मूळ देतात. मद्रासकडील एका शब्दसंग्रहात तेलुगू रूप देऊन तेही मुंबईजवळच्या एका गावाच्या नावावरून आल्याचे म्हटले आहे. म्हणजे अनेक जण मुंबईकडे बोट दाखवतात, परंतु 1613 पूर्वीचा कागद कोणीच दाखवत नाही.

गगनबावडेकर
मला एक वेगळा पर्याय सुचतो. आपल्याकडे ‘डोंगरी’ हे विशेषणही आहे. शाहूवाडी, गगनबावडा हे डोंगरी तालुके म्हणून ओळखले जातात. डोंगरी भात असते, डोंगरी गवत असते. त्याप्रमाणे डोंगराकडील लोक वापरतात ते जाडेभरडे कापड म्हणजे डोंगरी कापड, असा साधा अर्थ का असू नये? तसे असेल तर मुंबईतील एका विशिष्ट वस्तीला धरून बसण्याची गरज राहत नाही आणि पुरावाप्रिय यांची काळाची अडचणही सुटते. मोल्सवर्थ यांच्या नोंदीतील ‘डोंगरी किल्ला’ हे शब्द कोल्हापूरच्या माणसाने वाचले तर त्याला पन्हाळाच आठवेल.

कोशकिडा
गगनबावडेकर, तुमचा पर्याय ऐकायला गोड आहे, परंतु नोंद तुमच्या विरुद्ध जाते. मोल्सवर्थ तेथे ‘मुंबई’ आणि ‘फोर्ट जॉर्ज’ अशी नावे स्पष्टपणे देतात. डोंगरीच्या जुन्या किल्ल्याच्या जागी 1769 मध्ये फोर्ट जॉर्ज बांधला गेला. त्यामुळे तेथे पन्हाळा, विशाळगड किंवा कोणताही गिरिदुर्ग अभिप्रेत असण्याचा संभव नाही. अर्थात त्या वस्तीचे नावही लहान डोंगर, म्हणजे टेकडी, यावरूनच पडले आहे आणि मोल्सवर्थही तेच सांगतात. डोंगर सुटत नाही, फक्त तो गगनबावड्याचा नाही.

पुरावाप्रिय यांच्या दुसऱ्या शंकेबद्दल माझे मत असे की सॅरिसची यादी उत्तम प्रतीबद्दल आहे. एकाच नावाखाली बारीक आणि जाड अशा प्रती असणे कापडाच्या व्यवहारात नित्याचे आहे, आणि क्रूक यांनीही बारीक प्रत कपड्यांसाठी आणि जाड प्रत शिडांसाठी व तंबूंसाठी वापरली जाई, असे नोंदवले आहे. शिवाय नावाचा अर्थ अडीचशे वर्षांत घसरू शकतो. काळाच्या शंकेला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. इंग्रज नव्हते म्हणून बाजारही नव्हता असे होत नाही, एवढेच म्हणतो.

मिरजकरतिकटी
हा धागा वाचून एक गोष्ट आठवली. डोंगरी हे नाव कोल्हापूरला कापडापेक्षा तुरुंगामुळे अधिक ठाऊक आहे. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात 1882 साली टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांनी 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. आगरकरांनी तर त्या दिवसांवर पुस्तकच लिहिले. आमच्या शाळेतील एका खोडकर मुलाने इंग्रजीतील तळघराच्या कोठडीचा शब्द ‘डंजन’ हाही डोंगरीवरून आला आहे, असे परीक्षेत लिहिले होते.

पुरावाप्रिय
‘डंजन’ फ्रेंचमधून आला आहे, हे कोणी पुढे पाठवण्याआधी सांगून ठेवतो. आंतरजालावर अशा व्युत्पत्ती एका रात्रीत सिद्ध होतात.

रंकाळाकाठ
माझी भाची अमेरिकेत असते. तिच्या बाळासाठी ‘डंगरी पाठवू का’ असे विचारले, तर तिच्या शेजारणीला वाटले की आम्ही साधी निळी जीन्स पाठवत आहोत. तेथे जुनी माणसे हा शब्द जीन्ससाठी वापरतात आणि पट्टेवाल्या विजारीला ‘ओव्हरऑल्स’ म्हणतात. विलायतेत मात्र तो पट्टेवाल्या विजारीलाच म्हणतात. म्हणजे आपल्या दुकानातील अर्थ विलायतेचा आहे, फौजेतील आणि कारखान्यातील अर्थ आणखी निराळा आहे. मग डेनिम, जीन्स आणि डंगरी ही एकाच कापडाची तीन नावे आहेत, की तीन कापडे आहेत? येथे इचलकरंजीचे कोणी असेल तर त्यांनी सांगावे.

धोटा
इचलकरंजीचाच आहे, खर्चीवर, म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने, माग चालवणाऱ्या घरातला. विठ्ठलराव दातार यांनी 1904 मध्ये येथे पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून गावाला दुसरा विषय नाही, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

तीन नावे तीन गावांची आहेत असे म्हणतात. जीन्स हे नाव इटलीतील जेनोआ या बंदराच्या फ्रेंच नावावरून, डेनिम हे फ्रान्समधील नीम या शहराच्या सर्ज नावाच्या कापडावरून, म्हणजे ‘सर्ज द नीम’ यावरून, आणि तिसरे आपल्या डोंगरीवरून. लिव्हाय स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी 20 मे 1873 रोजी तांब्याच्या रिव्हेटचे पेटंट घेतले, तेव्हा त्यांच्या विजारीला त्यांची कंपनी ‘वेस्ट ओव्हरऑल्स’ म्हणत असे (येथे वेस्ट म्हणजे कंबर). जीन्स हे नाव तिने पुष्कळ उशिरा स्वीकारले. त्यामुळे रंकाळाकाठ यांच्या भाचीच्या शेजारणीचा घोटाळा समजण्यासारखा आहे.

आता कापड. डेनिम ओळखायचे असेल तर विजारीचा दुमड उलटा करून आतली बाजू पाहावी. वर निळे आणि आत पांढरे दिसते, कारण ताणा, म्हणजे उभे धागे, निळीत रंगवलेला असतो आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, कोरा असतो. ट्विल विणीत बाण्याचा धागा ताण्याच्या तीन धाग्यांखालून आणि एकावरून जातो, म्हणून ताणा वर जास्त दिसतो आणि कापडावर तिरकी रेघ उमटते. विजार झिजते तेव्हा गुडघ्यावर पांढरेपणा येतो, तो आतला बाणा आणि ताण्याचा न रंगलेला गाभा वर आल्यामुळे. नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत जात नाही, बाहेरून बसते.

जुने डोंगरी कापड असे नव्हते, हे कोशकिडा यांनी सांगितलेल्या क्रूक यांच्याच नोंदीवरून कळते. त्यात असे म्हटले आहे की हे कापड ताण्यात आणि बाण्यात दोन किंवा अधिक धागे एकत्र घेऊन विणले जाई. मागावर बसलेल्याला हे वाक्य वाचताच कापड डोळ्यांपुढे येते. दोन धागे पीळ न देता शेजारी शेजारी घेतले आणि एकावर-एकाखाली असे साधे विणले की चौकटी-चौकटीचे, दाट, जाड कापड तयार होते. आमच्याकडे आज अशा विणीला ‘मॅटी’ म्हणतात. बारीक सूत स्वस्तात वापरून जाडी मिळवण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे, कारण जाड सूत वेगळे कातावे लागत नाही. असे कापड शिडाला आणि तंबूला का चालले, हेही त्यावरून समजते : वारा सहज पार होत नाही आणि ओढ दोन्ही दिशांनी सारखी पेलली जाते.

हे कापड निळे होते का, असे मला अनेकांनी विचारले आहे. मोल्सवर्थ यांच्या नोंदीत रंगाचा उल्लेख नाही, फक्त हलकेपणाचा आणि किमतीचा आहे. त्यामुळे ‘भारतीय डेनिम’ म्हणून डोंगरीचा जो गौरव हल्ली चालतो, तो मला अर्धवट वाटतो. नाव डोंगरीचे असेल, पण दुकानात या नावाने जे टांगलेले असते ते कापड बहुतेक वेळा नीमच्या घराण्यातले असते.

तांबडापांढरा
धोटासाहेब, आता मी प्रत्येक पाहुण्याच्या विजारीचा दुमड उलटा करून पाहणार. परिणामांची जबाबदारी तुमची.

शाहूमिलशेजारी
धोटा यांचे उत्तर जपून ठेवावे असे आहे. आमचे आजोबा शाहू मिलमध्ये होते. 1906 मध्ये शाहू महाराजांनी ती उभी केली, तेव्हा संस्थानातील लोकांना संस्थानातच सुताचे आणि कापडाचे काम मिळावे हा हेतू होता. घरी जाड्याभरड्या कापडाला सरसकट ‘मांजरपाट’ म्हणत. ‘डोंगरी’ हा शब्द कापडासाठी आमच्या घरात किंवा पेठेत मी कधीही ऐकला नाही. मोल्सवर्थ यांच्या काळात मराठीत असलेला हा शब्द आपल्याकडून कसा काय पुसला गेला आणि इंग्रजीत मात्र कसा टिकला, याचे मला नवल वाटते. गिरणीचे कापड आल्यावर हातमागाच्या हलक्या कापडांची नावेही त्यांच्याबरोबर गेली असावीत, असा माझा अंदाज आहे.

सुईदोरा
मी कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या व्यापाऱ्यांसाठी लहान मुलांचे कपडे शिवून देते. व्युत्पत्ती मला कळत नाही, पण कपड्याच्या अर्थाबद्दल चार शब्द सांगते, कारण नाव ठरवताना वस्तू समोर असावी.

आमच्याकडे डंगरी म्हणजे पुढे छातीवर खिसा लावलेला चौकोन, त्याच्या दोन वरच्या कोपऱ्यांना जीन्सची पितळी बटणे, पाठीवर फुली होऊन येणारे दोन पट्टे आणि पट्ट्यांच्या टोकाला बकल. पट्टे पाठीवर फुली न करता सरळ आणले तर मूल पळताना खांद्यावरून घसरतात. कंबरेला दोन्ही बाजूंनी उघडी फट आणि दोन-दोन बटणे असतात. मागे कंबरेत इलॅस्टिक घालतो. मूल लवकर वाढते म्हणून पट्टा चांगला लांब ठेवायचा आणि पायाला आत मोठा दाब ठेवायचा, म्हणजे पुढच्या वर्षीही उसवून वापरता येते. अगदी तान्ह्या मुलांच्या डंगरीला मांड्यांच्या आतून टिच बटणांची ओळ असते. ती नसली तर लंगोट बदलताना सगळा कपडा उतरवावा लागतो, आणि तशी डंगरी आई दुसऱ्यांदा विकत घेत नाही.

बाह्या असलेला एकसंध कपडा आम्ही ‘जंपसूट’ म्हणून देतो. त्यामुळे उद्यमनगरकरांची डांगरी आणि आमची डंगरी हे दोन वेगळे कपडे आहेत, आणि नावातला काना हा फरक आपोआप दाखवतो.

रंकाळाकाठ
सुईदोराताई, आमच्या लहानपणी अशा पट्ट्यांना ‘गॅलिस’ म्हणत. ‘गॅलिसची चड्डी’ हा शब्द आता कोणाला कळत नाही.

कोशकिडा
‘गॅलिस’ हेही इंग्रजीच आहे. तिकडच्या बोलीत विजार टांगून धरणाऱ्या पट्ट्यांना ‘गॅलसेस’ म्हणत, आणि तो शब्द फाशीच्या खांबाला जो शब्द आहे त्याच्याच घरातला. टांगणे हा दोन्हींचा समान धर्म.

तांबडापांढरा
म्हणजे लहानपणी आम्हांला रोज सकाळी फासावर चढवून शाळेत पाठवत होते. संशय होताच.

खिळेजुळणी
सर्वांचे आभार. चर्चा अपेक्षेपेक्षा पुष्कळ खोल गेली आहे. मात्र फलक रंगवणारा माझ्या निरोपाची वाट पाहत आहे, म्हणून लेखनाच्या प्रश्नाकडे परत यावे अशी विनंती करतो. मूळ ‘डोंगरी’ असेल तर फलकावर ‘डोंगरी’ लिहावे, असा एक सल्ला मला खासगी निरोपातून आला आहे. तो मानावा का?

पुरावाप्रिय
मानू नये. मूळ सिद्ध झाले असे धरले, तरी परत आलेला शब्द ज्या रूपात आला त्याच रूपात लिहावा लागतो. फलकावर ‘डोंगरी’ लिहिले तर गिऱ्हाईक पत्ता समजेल.

शुद्धलेखक
लेखनाबाबत माझे मत सविस्तर मांडतो.

इंग्रजीतील लेखन डी, यू, एन, जी, ए, आर, डबल ई असे आहे. त्यातील ‘यू’ पाहून काही जण ‘डुंगारी’ असे वाचतात, ते बरोबर नाही. जुने इंग्रज आपल्या ‘अ’ या उच्चारासाठी ‘यू’ वापरत असत. पंजाब, बंगला, पंडित या शब्दांच्या इंग्रजी लेखनात हीच पद्धत दिसते. शेवटचे ‘डबल ई’ हे त्यांनी आपल्या दीर्घ ‘ई’साठी वापरले, जसे ते रुपी या शब्दात वापरले. सॅरिसच्या यादीत मात्र पहिल्या अक्षरात ‘ओ’ आहे. म्हणजे सुरुवातीला ऐकलेला ‘डों’ लिहिला गेला आणि नंतर कधीतरी त्याचा ‘डं’ झाला. मुंगूस हा मराठी शब्द इंग्रजीत गेला तेव्हा नेमके उलटे घडले, तेथे ‘मुं’चा ‘माँ’ झाला. परक्या तोंडात पहिला स्वर टिकत नाही, पुढची व्यंजने टिकतात. डोंगरी आणि डंगरी यांतील ड, अनुस्वार, ग, र आणि दीर्घ ई हा सांगाडा जसाच्या तसा आहे, आणि पुरावाप्रिय यांचा कागद मिळेपर्यंत मला तरी हाच मोठा पुरावा वाटतो.

यावरून लेखन ‘डंगरी’ असे ठरते. ‘डंग्री’ हे लेखन करणाऱ्यांचा युक्तिवाद असा की उच्चारात ग अर्धाच होतो. तो होतो हे खरे आहे, परंतु ‘डोंगरी’ या शब्दातही तो अर्धाच होतो आणि आपण कधीही ‘डोंग्री’ लिहीत नाही. मराठीत मधल्या अक्षरातील अकार उच्चारात लोपला तरी लेखनात अक्षर पूर्ण राहते. ‘डांगरी’ हे फौजेतील आणि कारखान्यातील रूढ रूप आहे, ते त्या पोशाखासाठी खुशाल राहावे. ‘डंगरीज’ मात्र मुळीच नको, कारण मराठीत आल्यावर शब्द मराठीच्या नियमाने चालतो : ती डंगरी, एक डंगरी, दोन डंगऱ्या. अनेकवचनात सुपाऱ्या, दऱ्या यांच्याप्रमाणे ऱ्या लिहावा. फलक रंगवणारे तेथे हमखास ‘र्‍य’ऐवजी रफार काढून ‘डंगर्या’ करतात, तेवढे डोळ्यांत तेल घालून पाहावे.

उद्यमनगरकर
शुद्धलेखक यांचे पटले. दुकानात डंगरी, कारखान्यात डांगरी. आमच्या गणवेशाच्या मागणीपत्रातही आता एकच शब्द राहील असे पाहतो.

पुरावाप्रिय
व्यंजनांच्या सांगाड्याबद्दल शुद्धलेखक यांच्याशी मी अर्धा सहमत आहे. तो सांगाडा ‘डुंगरी’लाही तसाच लागू पडतो, आणि उत्तरेत डोंगराला डूंगर म्हणतातच. म्हणजे शब्द डोंगरातून आला यावर आपणा सर्वांचे एकमत आहे. तो कोणत्या डोंगरातून आला, एवढाच वाद उरतो. पोर्तुगीज दप्तरांत सोळाव्या शतकात मुंबईहून निघालेल्या मालाच्या याद्यांमध्ये हे नाव सापडले तर मी विनातक्रार मुंबईच्या बाजूने येईन.

गगनबावडेकर
आणि नाही सापडले तर आमचा डोंगर उमेदवार आहेच.

सुईदोरा
खिळेजुळणी, दरपत्रकात वयाप्रमाणे मापे देणार असाल तर ‘डंगरी’च्या पुढे छातीचे नव्हे, खांद्यापासून काटशिलाईपर्यंतचे, म्हणजे दोन पाय जुळतात तेथल्या शिलाईपर्यंतचे, माप द्या. या कपड्यात तेच चुकते, आणि तेवढ्यासाठीच बहुतेक गिऱ्हाइके बदलून घ्यायला परत येतात.

तांबडापांढरा
आमच्या घरी हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. सगळे ऐकून झाल्यावर आईने विचारले, “डांगर कच्च्या तेलाबरोबर हवे की दह्याबरोबर?”